ती अजून 'अहो' म्हणते

तोफेला सरळ चालणं जमत नसे. पायात काही दोष नव्हता, सवयच मोडली होती. उभा जन्म त्याने परगावच्या लोकांना जुनं शहर दाखवण्यात घालवला, आणि हे काम पाहुण्यांकडे तोंड करून, उलट चालत करायचं असतं. त्यांच्याकडे पाठ केली की संपलंच. दोघे फोटो काढायला थांबतात, एक बाई मण्यांच्या माळांच्या दुकानात शिरते, तिला शोधायला तिचा नवरा शिरतो, आणि मग त्या दोघांची वाट बघत बाकीची मंडळी उन्हात करपत उभी. म्हणून तोफ उलट चालायचा. वेशीतला वर आलेला दगड, हौदाच्या पायऱ्या, कापडगल्लीतलं उघडं गटार, सगळं त्याच्या टाचांना पाठ होतं. सुट्टीच्या दिवशी बायकोबरोबर भाजी आणायला निघाला तरी चार पावलांवर वळायचा आणि तिच्याकडे तोंड करून चालायला लागायचा. "अहो, सरळ चाला की, लोक हसतात," ती म्हणायची. लोक हसायचेच.

तोफ हे नाव बाजाराने ठेवलेलं. वेशीच्या कमानीखाली उभं राहून त्याने "मंडळी!" म्हटलं की वर बसलेली कबुतरं उडून जात. हळू बोलणं हा प्रकार त्याच्या घशाला माहीत नव्हता. घरात काही खाजगी बोलायचं झालं तर बायको आधी उठून खिडक्या लावून घ्यायची. आणि बोलणंही साधं नाही, तिखटमीठ लावून. ज्या बुरुजावर इतिहासात काही म्हणता काही घडलं नव्हतं, त्या बुरुजावरून तोफेने एक राजकन्या घोड्यावर बसवून पळवून लावली होती. पाहुणे हळवे दिसले तर तो तिला परतही आणायचा.

बायको शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश. खिडकीशी मशीन, भिंतीला टेकून कापडाचे गठ्ठे, आणि दोरा तोडायला तिचे दात. कात्री हाताशी असली तरी दातच. दुखणं पहिल्यांदा दिसलं ते तिच्या शिवणीतच. एका सदऱ्याला तिने तीन बाह्या लावल्या. मुख्याध्यापिका हसली, तोफ हसला, तीही हसली. मग एकदा तिने कॉलर उसवली, परत शिवली, परत उसवली, आणि दिवसभर तेवढंच करत बसली. त्या दिवशी कोणी हसलं नाही. पुढे पुढे ती जिन्यात किल्ली घेऊन उभी राहायची आणि आपलं दार कुठलं ते तिला सांगता यायचं नाही. डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं. तोफेने ते लक्षात ठेवलं नाही. ज्याला अख्ख्या शहराचे दगड तोंडपाठ, त्याला एक नाव लक्षात राहू नये असं नाही. पण राहू द्यायचं नव्हतं.

एकदा तो कामावरून आला तर घरात धूर. चहाचं भांडं जळून कोळसा झालेलं, आणि ती त्या धुरात खोकत खोकत शांत बसलेली. दुसऱ्या दिवसापासून तोफ तिला बरोबर घेऊन कामावर जायला लागला.

त्यांना एकच मुलगी. परगावी मोठ्या इस्पितळात नर्स होती, तिथल्याच आवारात चौघींत एक खोली. त्याच इस्पितळाने अशा विसरणाऱ्या माणसांसाठी एक घर काढलं होतं. मागे बाग, दाराला कडी, रात्रंदिवस कोणीतरी जागं. तिथे एक जागा रिकामी झाली होती आणि मुलीने वरच्या बाईंच्या हातापाया पडून ती आईसाठी धरून ठेवली होती.

"बाबा, अशी जागा रोज मिळत नाही," ती फोनवर म्हणाली. "मी दिवसातून चारदा तिच्याकडे जाऊ शकेन. तुम्ही उन्हातून फिरवता तिला. एखाद्या दिवशी हात सुटला म्हणजे?"

"मी सोडतोय होय!"

"बाबा, हळू बोला. वॉर्डात ऐकू जातंय."

"तिथे तिच्या ओळखीचं कोण आहे?"

"मी आहे ना."

"आणि इथे मी आहे."

मुलगी म्हणाली, "बरं. आई तुम्हाला ओळखतेय तोवर मी शब्द काढणार नाही. पण ज्या दिवशी ओळखणार नाही, त्या दिवशी मला खरं सांगायचं. पाहुण्यांना सांगता तसं नाही, खरं खरं."

तोफेने कबूल केलं. त्याला त्यात काही अवघड वाटलं नाही. मुलीने दर फोनला विचारावं, "आई आज काय म्हणाली तुम्हाला?" आणि त्याने छाती फुगवून सांगावं, "काय म्हणणार? अहो म्हणाली. सकाळपासून अहो, अहो चाललंय." नवऱ्याचं नाव तिने लग्न झाल्यापासून कधी घेतलं नव्हतं. तो तिचा अहो होता. नाव विसरली असं म्हणायलाही जागा नव्हती, कारण नाव ती घेतच नव्हती. तोफेला हे फार सोयीचं झालं होतं.

आता बाजारात कोणी कोणालाही अहोच म्हणतं. ती दूधवाल्याला अहो म्हणायची, बसमधल्या माणसाला अहो म्हणायची, वेशीवरच्या पहारेकऱ्याला अहो म्हणायची. हे तोफेच्या कानांवर पडत होतं. दूधवाल्याला सगळेच अहो म्हणतात, त्यात काय, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. एकदा संध्याकाळी त्याने पानं घेतली तेव्हा ती अदबीने म्हणाली, "अहो, आता वेळ झालीच आहे तर जेवून जा." जेवून घ्या म्हणायचं असेल, जीभ घसरली, असं म्हणून तो जेवला. जेवताना मात्र त्याने मान वर केली नाही.

पण ते दिवस वाईट होते असंही नाही. तो तिला सगळ्यांच्या पुढे, अगदी आपल्यासमोर उभी करायचा. म्हणजे उलट चालताना पहिली तीच दिसायची. संसारभर त्याची बडबड ऐकून विटलेली ही बाई आता रोज तीच राजकन्या नव्याने ऐकायची. बुरुजापाशी तिचे डोळे मोठे व्हायचे. "मग हो? परत आली का ती?" ती विचारायची. पाहुण्यांनाही मजा वाटायची. असा श्रोता तोफेला जन्मात मिळाला नव्हता. तिच्यासाठी तो राजकन्येला हटकून परत आणायचा, कधी कधी मुलाबाळांसकट.

मग तो दिवस आला. एका कचेरीतली अकरा माणसं सहलीला आली होती. एक टकले साहेब, त्यांची घासाघीस करण्यात पटाईत बायको, बाकी कारकून मंडळी. तोफेची बायको धरून बारा. तोफेची मोजायची एक पद्धत होती. बोट दाखवून मोजलं तर लोकांना आपण मेंढरं आहोत असं वाटतं, म्हणून तो बोलता बोलता नजरेने डोकी मोजायचा. वेशीत बारा. तोफांच्या आवारात बारा. हौदावर बारा.

प्रत्येक वाटाड्याच्या मागे फुकटे लागतात. पैसे न देता चार पावलांवर उभे राहतात, आभाळाकडे बघतात, कान मात्र इकडे. त्या दिवशीही निळी छत्री घेतलेला एक गृहस्थ हौदापासून चिकटला होता. एरवी तोफेने त्याला तिथल्या तिथे पकडला असता, "या ना पाहुणे, लाजता कशाला!" म्हणून सगळ्यांसमोर त्याचा पाणउतारा केला असता. पण बुरुज आला होता, राजकन्या ऐन घोड्यावर बसत होती. मध्येच कसं तोडायचं?

कापडगल्लीत गर्दी होती. साहेबांच्या बायकोने एक चादर उलगडायला लावली, मग दुसरी, मग दुकानदाराने न विचारता सगळा ढीगच खाली काढला. खरेदीत सगळी माणसं विस्कटली. ती आवरून घेत तोफ गल्लीच्या तोंडाशी आला आणि त्याने नजर फिरवली. बारा. आता कोण कोण आहे हे वेगळं बघायची त्याला सवय नव्हती; आकडा जमला की पाऊल मागे पडायचं. तो "चला मंडळी" म्हणाला.

कोपऱ्यावर कणसं भाजणारी बसायची. निखाऱ्यावर कणसं फिरवत, लिंबाची फोड मिठात बुडवून ती दाण्यांवरून अशी ओढायची की खाण्याआधीच तोंडाला पाणी सुटावं. सगळ्यांनी कणसं घेतली. छत्रीवाल्यानेही घेतलं, पैसे दिले, आणि स्टेशनचा रस्ता विचारून चालू लागला. तोफेने पुन्हा नजर फिरवली. अकरा.

"बाई कुठाय?" कणसंवालीनेच विचारलं. "आज आणली नाही का?"

तोफेच्या लक्षात आलं. छत्रीवाल्याने तिची जागा भरली होती, आणि आपण मोजली ती नुसती डोकी. तो पळाला. गल्लीत त्याने तिला हाक मारली, आणि तो आवाज ऐकून दुकानदार दारात आले, एका बाईचं मूल रडायला लागलं. ओ आली नाही. चादरींच्या दुकानात नाही. हौदावर तो जिवाच्या आकांताने पायऱ्या उतरला, पाण्याच्या कडेला वाकून वाकून बघितलं. पाणी हिरवं आणि स्थिर होतं. तिथे उभा असताना त्याला मुलीचा आवाज ऐकू येत होता, हात सुटला म्हणजे, हात सुटला म्हणजे. तो परत गल्लीत आला आणि एकेका दुकानात डोकावत निघाला.

ती टोप्यांच्या दुकानात होती. टोपीवाल्याने तिला बसायला स्टूल दिलं होतं. तो तोफेला पंचवीस वर्षं ओळखत होता, तिचं दुखणंही त्याला ठाऊक होतं. दुकानातल्या पोऱ्याला धाडलं असतं, पण आज टोपीवाला एकटाच होता, तिला सोडून निघता येईना. तोफ दारात धापा टाकत उभा राहिला.

तिने वर पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "अहो! बरं झालं बाई, तुम्ही आलात."

तोफेच्या डोळ्यांत पाणीच आलं. ओळखलं, त्याला वाटलं. एवढ्या गर्दीत बरोबर ओळखलं. फोनवर काय सांगायचं तेसुद्धा त्याच्या मनात येऊन गेलं.

"ही जरा डोक्याला घालून बघता का?" ती म्हणाली. तिच्या हातात किनार असलेली सुती टोपी होती. "आमच्या ह्यांच्यासाठी घ्यायची आहे. ते काही बरोबर नाहीत. तुमचं डोकं साधारण त्यांच्याएवढंच दिसतंय."

टोपीवाला मागे वळला आणि फळीवरच्या सरळ असलेल्या टोप्या सरळ करायला लागला.

तोफेने टोपी घातली. दुसरं काय करणार! ती उठली, दोन पावलं मागे झाली, पुढे येऊन तिने टोपीची कड बोटांनी कानांवर ओढली, शिवणाऱ्या बाईची बोटं, माप बघणारी. तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता आणि ती शिवण तपासत होती.

"तुम्हाला बरोबर बसते," ती म्हणाली. "पण त्यांना थोडी मोठी लागेल. त्यांचे केस फार दाट आहेत हो."

तोफेचे केस मुलगी शाळेत जायला लागली तेव्हाच संपले होते.

"कुठे असतात ते?" त्याने विचारलं. त्याचा आवाज त्याला स्वतःलाही नीट ऐकू आला नाही.

"लोकांना गाव दाखवतात. दिवसभर उन्हात, उघड्या डोक्याने. सांगून ऐकत नाहीत." ती जरा हसली. "अख्ख्या जगाला दाखवून झालं. मलाच तेवढं एकदा दाखवलं नाही. रिकामा दिवस मिळाला की दाखवेन म्हणाले होते."

"राग आलाय त्यांचा?"

"छे! दाखवतील की. कामातून सुटले की येतीलच."

खरं होतं ते. रिकामा दिवस मिळाला की तोफ पाय ताणून झोपायचा. सुट्टीच्या दिवशी पुन्हा त्याच दगडांपाशी कोण जातो? आता ती महिनाभर रोज त्याच्याबरोबर फिरत होती आणि तिच्याकडे त्यातलं काहीच उरलं नव्हतं. त्याला तिथे दुकानातच बसून मोठ्याने रडावंसं वाटलं. टोपीवाल्याने एक मोठी टोपी काढून कागदात गुंडाळून दिली.

कचेरीची मंडळी कोपऱ्यावर ताटकळत होती. तोफ म्हणाला, "मंडळी, माफ करा, आज इथेच थांबू." साहेब म्हणायला लागले, "अहो, पण मनोरा राहिला," तेवढ्यात त्यांच्या बायकोने तोफेचा चेहरा पाहिला आणि नवऱ्याला कोपराने गप्प केलं.

मग त्याने तिला विचारलं, "बाई, गाव बघायचंय? मी दाखवतो. तेवढ्यात ते येतील."

"त्यांना चालेल ना?"

"चालेल."

वेशीपासून सुरुवात केली. या वेळी तो तिच्या बाजूने, तिचा हात धरून, सरळ चालला आणि वर आलेल्या दगडाला ठेचकाळला. तोफांच्या आवारात ती एका तोफेवर हात ठेवून किती गार आहे म्हणाली. हौदापाशी बसून दोघांनी एक कणीस मोडून खाल्लं. मण्यांच्या दुकानात तिने एक तांबडी माळ गळ्याशी धरली, आरशात बघितली, परत ठेवली, आणि तोफेने ती घेतली. बुरुजापाशी ती म्हणाली, "इथे काय झालं होतं हो?"

"काही नाही," तोफ म्हणाला. "पहारेकरी बसायचे. कंटाळायचे बिचारे. घरची आठवण काढायचे."

"एवढंच?"

"एवढंच."

तिला ते पटलं. ती बराच वेळ तिथे बसली.

संध्याकाळी त्याने स्वतःहून मुलीला फोन लावला. बायको दुसऱ्या खोलीत टोपीची घडी घालत होती, उलगडत होती, परत घालत होती.

"आज तिने ओळखलं नाही," तो म्हणाला.

"आजच?"

खोटं बोलणं त्याला अवघड नव्हतं, पोटच त्यावर भरलं होतं. पण तो म्हणाला, "आधीपासून असेल. मला अहो ऐकू येत होतं. ते कोणाला म्हणतेय ते मी बघितलंच नाही."

मुलगी म्हणाली, "बाबा, मी येते. तुम्ही तिचे कपडे पिशवीत भरून ठेवा. जाड स्वेटर घाला त्यात." आणि मग नर्सचा आवाज जाऊन मुलीचा झाला. "तुम्ही जेवलात का?"

दुसऱ्या दिवशी मुलगी गाडी करून आली. पिशवी भरून तयार होती. आईने मुलीला पाहून "या, या" म्हटलं, पाणी दिलं, आणि कोणत्या शाळेतून आलात, गणवेश न्यायचे आहेत का, असं विचारलं. मुलीने पाण्याचा पेला दोन्ही हातांत घट्ट धरला आणि पाणी पिऊन टाकलं. रोज अशा माणसांत वावरणारी ती, तरी तिला जिन्यात जाऊन डोळे पुसावे लागले.

गाडीपर्यंत आई सहज आली. गळ्यात तांबडी माळ, हातात टोपीचा पुडा. मुलीने दार उघडलं तशी ती थबकली.

"कुठे जायचं आहे?"

"माझ्याकडे, आई. बाग आहे तिथे. चल, बस."

"छे, छे. असं कसं? ह्यांना सांगितल्याशिवाय मी कुठे जायची नाही."

"अगं आई, बाबा हे काय इथेच..." मुलीचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. तिने वडिलांकडे पाहिलं. आईने गाडीच्या दाराची कड धरून ठेवली होती. बळ लावलं असतं तर हात सोडवता आला असता. मुलीला ते येत होतं, ते तिचं कामच होतं. तिने हात लावला नाही.

तोफ पुढे झाला.

"बाई," तो म्हणाला, "मला सकाळी भेटले ते."

"कोण? आमचे हे?"

"हो. निरोप दिलाय त्यांनी. म्हणाले, तिला सांगा, निवांत जा. मी येतो मागून, सुट्टीच्या दिवशी."

"त्यांनी स्वतः सांगितलं?"

"स्वतः."

तिने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. तोफेने आयुष्यात कितीतरी लोकांना कितीतरी गोष्टी सांगितल्या होत्या. कोणी विश्वास ठेवावा म्हणून त्याचा जीव असा टांगणीला कधी लागला नव्हता.

"रागावले नाहीत ना?"

"नाही. मुळीच नाही."

तिची बोटं दारावरून सुटली. ती आत बसली, पदर आवरला, आणि टोपीचा पुडा खिडकीतून त्याच्या हातात दिला.

"मग हे तेवढं त्यांच्या हातात द्या. आणि म्हणावं, येते मी."

"सांगतो," तोफ म्हणाला.